सिव्हिल करून साईटवर आलो, स्टील चेकिंगमध्ये मोठी चूक झाली. हे काम शिकायचं कसं?

बालाघाट२४

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

२०२४ ला बीई सिव्हिल झालो. मग वर्षभर स्पर्धा परीक्षा केली, जमलं नाही, आणि आता चार महिने झाले पुण्याजवळ मोशीला एका साईटवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलोय. पार्किंग आणि वर ११ मजले, अशा तीन विंग आहेत. पहिले तीन महिने लेबरची हजेरी, सिमेंटचा स्टॉक, चलनं फाईलला लावणे एवढंच काम होतं. मागच्या आठवड्यात आमचे सिनियर घरच्या लग्नासाठी सुट्टीवर गेले आणि बी विंगच्या चौथ्या स्लॅबचं स्टील चेकिंग माझ्याकडे आलं.

मी मनापासून केलं हो. संध्याकाळी दोन तास टेप घेऊन फिरलो, बीमचे बार मोजले, स्लॅबचं अंतर मोजलं, १५० एमएमला १५० बरोबर होतं, सळयांखालचे कव्हर ब्लॉक बघितले, चेकलिस्ट भरून सही केली. सकाळी कास्टिंगच्या आधी आरसीसी कन्सल्टंटकडचे सर आले. ते दुसरीकडे कुठं गेलेच नाहीत, सरळ बाल्कनीत गेले आणि म्हणाले वरचं स्टील कुठंय? ड्रॉईंगमध्ये बाल्कनीला वरून १० एमएमचे बार १२५ एमएम अंतरावर होते. प्रत्यक्षात एक सोडून एक टाकलेला, आणि जे होते त्यातले निम्मे खाली दबून खालच्या जाळीला टेकलेले. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) दोन गाड्या प्लँटवरून निघालेल्या त्या परत पाठवाव्या लागल्या, स्लॅब संध्याकाळवर गेला.

कोणी ओरडलं नाही. ते सर फक्त एवढंच म्हणाले, "ही बाल्कनी कशावर उभी राहणार होती ते मला सांग." आणि मला उत्तर देता आलं नाही. कँटिलिव्हरचा (एकाच बाजूला आधार असलेल्या भागाचा) बेंडिंग मोमेंट मी परीक्षेत काढलाय, पूर्ण मार्क मिळालेत, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय टू झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण समोर सळया पडलेल्या असताना ते डोक्यात आलंच नाही. तीन रात्री झाल्या, झोप नीट नाही.

मी औसा तालुक्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण घरात ती पहाट अजून सांगतात. आजोबांचा दगडमातीचा वाडा बसला, त्यात माझी एक आत्या गेली. मी सिव्हिल घेतलं ते त्या घरातून घेतलंय, म्हणून हे जास्त लागलं.

विचारायचं असं की स्टील कसं चेक करायचं, म्हणजे सुरुवात कुठून, शेवट कुठं. आणि सळया बांधणाऱ्या फिटर मिस्त्रीला विचारावं का? आमच्याकडचा फिटर मालदाचा आहे, वीस वर्षं काम केलेला. त्याला साध्या गोष्टी विचारल्या तर उद्या तो माझं ऐकेल का अशी भीती वाटते. कोणी म्हणतं सॉफ्टवेअरचा कोर्स कर, कोणी म्हणतं कोड पाठ कर. चार महिने गेलेत, मला हे काम नीट यायला हवंय.

ओळंबा

बाळा, आधी जेव आणि झोप. चूक काँक्रीट पडायच्या आधी सापडली आहे, ती दुरुस्त झाली, आता तिच्यातून काय घ्यायचं ते बघू.

मी २००२ पासून साईटवर आहे, सातारा, चिपळूण, पुणे, परत पुणे. तुझी पोस्ट वाचून मला वाटतं तू मोजलंस सगळं, पण बघितलं नाहीस. यात तुझा दोष कमी आहे, कॉलेजात आपल्याला बार मोजायलाच शिकवतात. स्लॅबवर पाऊल टाकायच्या आधी बिल्डिंग कुठं ताणली जाणार हे डोक्यात पाहिजे. दोन आधारांमधला स्लॅब मध्ये खाली झुकतो, तळ ताणला जातो, म्हणून स्टील खाली. आधारावर, म्हणजे बीमवरून स्लॅब पुढं जातो तिथं, पाठ ताणली जाते, म्हणून तिथं एक्स्ट्रा वर. आणि बाल्कनी, छज्जा यांना तर पुढं आधारच नाही, त्यांचा सगळा जीव वरच्या बारमध्ये. खालची जाळी कितीही छान बांधली तरी ती बाल्कनी धरून ठेवणार नाही.

आकडा बघ म्हणजे परत विसरणार नाहीस. स्लॅब १२५ चा धर, वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, २०, बार १० चा. खालच्या तळापासून बारच्या मध्यापर्यंत १०० एमएम राहतात. हीच ती इफेक्टिव्ह डेप्थ जी तू पेपरात लिहिलीस. आता कोणीतरी त्या बारवर पाय दिला, खाली चेअर (वरचा बार उचलून धरणारी घोडी) नव्हती, बार ४० एमएम खाली गेला. राहिले ६०. स्टील तेवढंच, काँक्रीट तेवढंच, आणि ताकद ढोबळमानाने चाळीस टक्के गेली. वर तुमच्याकडे एक सोडून एक बार. म्हणजे निम्म्याचे साठ टक्के. ते सर सरळ बाल्कनीत का गेले ते आता कळलं का? ते दर साईटवर तिथंच आधी जात असणार. आणि बाल्कनीत अजून एक बघायचं, तो वरचा बार आत किती गेलाय. साधारण बाहेर जेवढी बाल्कनी तिच्या दीडपट आतल्या स्लॅबमध्ये गेलेला असतो, तुमच्या ड्रॉईंगमध्ये जे दिलंय ते धर. फिटरकडे तुकडा कमी पडला की तो इथंच वाचवतो.

चेकिंग कास्टिंगच्या आदल्या संध्याकाळी करायची गोष्टच नाही. तोपर्यंत निम्मं झाकलेलं असतं. बीमची पिंजरी खाली उतरवायच्या आधी बघायची, लॅप (दोन बारचे जोड) कुठं आलेत, दुसऱ्या लेयरचे बार आहेत का, खालच्या बारचा लॅप मधोमध तर नाही ना, वरच्याचा आधाराजवळ तर नाही ना. मग खालची जाळी पडली की एकदा. मग वरचे एक्स्ट्रा आणि चेअर. आणि मग, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर निघून गेल्यावर परत एकदा. पाईप टाकायला तो पोरगा जाळीवरच बसतो, चेअर आडवी आली तर काढून बाजूला ठेवतो, बार आडवा आला तर वाकवतो, आणि त्याला तो बार कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. तुमची बाल्कनी पाईपवाल्यांनीच दाबलेली असायची शक्यता मला मोठी वाटते. आणि काँक्रीट सुरू झाल्यावर दोन फिटर हुक घेऊन वर उभे पाहिजेत, पंपाच्या पाईपची माणसं बाल्कनीवरून चालणार असतील तर फळ्या टाकून द्यायच्या. मी स्वतः कास्टिंगला बाल्कनीजवळच उभा असतो, अजूनही.

कॉलममध्ये काय बघायचं ते माझ्या हातानं शिकलो ते सांगतो. चिपळूणला पहिल्या साईटवर विजापूरकडचे एक फिटर होते, वयानं वडिलांएवढे. मी त्यांना म्हटलं मला रिंगा बांधायच्यात. त्यांनी हातात तार बांधायचा हुक दिला आणि बीम आणि कॉलम मिळतात त्या सांध्यात उभं केलं. चार बाजूंनी बीमचे बार घुसलेले, मध्ये कॉलमचे उभे बार, आणि त्यांना बाहेरून वेढणारी रिंग १०० एमएमवर बसवायची. दोन तासात तीन रिंगा बसल्या आणि बोटं सोलली. तेव्हा कळलं की फिटर त्या सांध्यातल्या रिंगा का सोडतो. आळशी म्हणून सोडत नाही, तिथं हातच जात नाही, बीम उतरवल्यावर तर अजिबात नाही, आधीच ओवून ठेवाव्या लागतात. त्या दिवसापासून मी कुठल्याही साईटवर गेलो की कॉलमच्या मधल्या रिंगा नंतर मोजतो, आधी सांध्यात वाकून बघतो. पुस्तकात तिथं रिंगा द्या असं लिहिलेलं मी वाचलेलं होतंच की, पण कुठल्या रिंगा गायब होणार हे ते काम हातानं केल्यावर समजलं.

म्हणून मिस्त्रीला विचार. बिनधास्त विचार. सकाळी आठच्या आत जा, अजून ऑफिसचं कोणी आलेलं नसतं, त्याच्याबरोबर चहा घे आणि सांग की मला बांधायला शिकवा. वीस वर्षं बांधणाऱ्याला कागद घेऊन आलेला पोरगा खरंच किती ओळखतो हे पहिल्या दिवशीच कळलेलं असतं, त्याच्यासमोर येतंय असं दाखवण्यात काहीच मिळत नाही. तू विचारलंस म्हणून तो ऐकायचा थांबणार नाही. चुकीचं पास केलंस तर मात्र थांबेल.

जिन्याचं राहिलं. जिना जिथं लँडिंगला मिळतो तिथं आतल्या कोपऱ्यातून बार वळवून नेलेला दिसला तर थांबव. ताण आला की तो बार सरळ व्हायला बघतो आणि कोपऱ्याचं कव्हर फोडून बाहेर येतो. तिथं दोन वेगळे बार एकमेकांना ओलांडून पलीकडच्या बाजूपर्यंत जायला हवेत. कागदावर एकदा काढून बघ, लगेच पटेल.

बारबेंडर_कराड

+१ ओळंबा काका. मी डिप्लोमावाला. एकच भर घालतो. बीबीएस (सळया कापायच्या-वाकवायच्या मापांचा तक्ता) ऑफिसमधून येतो तो नुसता वापरू नको, आठवड्यातून एक बीम, एक कॉलम स्वतः काढ, वहीवर, एक्सेल नको. बारची लांबी, बेंडचे वजावट, ९० अंशाला २ डी, १३५ ला ३ डी (डी म्हणजे बारचा व्यास), मग वजन, डी स्क्वेअर बाय १६२. १२ चा बार मीटरला ०.८९ किलो, १६ चा १.५८, २० चा २.४७, हे काही दिवसांनी आपोआप पाठ होतं. आणि मग फिटरनं कापलेला बार टेपनं मोज. तुझा आकडा आणि त्याचा तुकडा जुळला नाही तर त्याला विचार तू कसा धरलास, तो पायाखाली खडूनं काढून दाखवेल. माझ्या एका साईटवर कॉलमच्या रिंगेत माझं गणित २० एमएमनं जास्त येत होतं, फिटरनं दाखवलं की मी कव्हर मुख्य बारपासून धरत होतो, रिंगेच्या बाहेरून धरायचं असतं. हे मी डिप्लोमाच्या कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो.

स्लम्पकोन

दादा, सगळे स्टीलवर लिहितायत, मी काँक्रीटचं लिहिते. आठ वर्षं आरएमसी प्लँटच्या क्वालिटीत आहे, आणि आम्हाला साईटवर समोर उभा असतो तो बहुतेक तुझ्यासारखा पहिल्या वर्षाचा इंजिनिअरच असतो, म्हणून मनापासून सांगते.

गाडी आली की आधी चलन हातात घे. ग्रेड, स्लम्प (काँक्रीट किती पातळ-घट्ट ते) आणि बॅचिंगची वेळ. लोडिंगपासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी असं आयएस ४९२६ या कोडमध्ये आहे, रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन) घातलेलं असेल आणि आधी ठरलेलं असेल तर जास्त चालतं, ते आधी प्लँटला विचारून ठेवायचं, गाडी दारात आल्यावर नाही. मोशी, चाकण, नाशिक फाटा या भागातलं ट्रॅफिक तुला माहीतच आहे, संध्याकाळी पाचच्या स्लॅबला गाड्या कशा येतात ते आम्ही रोज भोगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी उशिरा आली, काँक्रीट घट्ट झालं, पंपवाला ओरडतो, कोणीतरी पाण्याची नळी ड्रममध्ये सोडतो. तिथं तू उभा पाहिजेस. हिशोब बघ. एका घनमीटरला ४०० किलो सिमेंटिशियस (सिमेंट, फ्लायॲश वगैरे) आणि १७० लिटर पाणी धर, पाण्याचा सिमेंटशी रेशो ०.४२५. गाडीत ६ घनमीटर. नळी दोन मिनिटं चालली आणि १२० लिटर गेलं, म्हणजे घनमीटरला २० लिटर. रेशो झाला ०.४७५. एम३० ग्रेडचं मागवलेलं होतं ते एम२५ कडे घसरू शकतं, आणि वरून बघून कोणालाही काही कळणार नाही, उलट छान वाहतं म्हणून सगळे खूश असतात. घट्ट वाटलं तर आमच्या टेक्निशियनला बोलवायचं, तो ॲडमिक्स्चरचा डोस देतो, ड्रम फिरवून परत स्लम्प घ्यायचा. तेवढ्यानं जमत नसेल तर गाडी परत. गाडी परत करायला पहिल्या वेळी हात थरथरतात हे मला माहिती आहे. आमच्या बाजूनं सांगते, परत करणाऱ्या साईटला पुढच्या वेळी ड्रायव्हरसुद्धा सांभाळून माल आणतो.

क्यूब (तपासणीसाठी काँक्रीटचे ठोकळे) स्वतः भर. दुसऱ्याला भरायला लावून बाजूला उभा राहू नको. १५० चा साचा, तेल लावलेला, नटबोल्ट घट्ट, तीन थरात, हातानं भरत असशील तर प्रत्येक थराला ३५ ठोके. माल गाडीच्या मधल्या भागातला घ्यायचा, सुरुवातीचा किंवा शेवटचा नाही. किती घ्यायचे ते आयएस ४५६ मध्ये दिलंय. ३१ ते ५० घनमीटरला ४ सॅम्पल, पुढच्या प्रत्येक ५० किंवा त्याच्या भागाला एक वाढवायचं. म्हणजे तुमचा स्लॅब ९० चा असेल तर ५ सॅम्पल, प्रत्येकी तीन क्यूब, हे झाले १५ आणि हे २८ दिवसांचे. ७ दिवसांना फोडायचे असतील तर ते वेगळे.

एका मे महिन्यात एका साईटवरचे सात दिवसांचे रिझल्ट खूप कमी आले. सगळे आमच्यावर, प्लँटनं काय पाठवलं म्हणून. मी गेले, चौकशी केली, तर क्यूब भरून स्लॅबवरच ठेवलेले, दुसऱ्या दिवशी रविवार, साचे सोमवारी दुपारी उघडले. दोन दिवस उन्हात. त्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं की साधारण २४ तासांनी साचा उघडून क्यूब पाण्यात जायला हवा. स्लॅब चांगला होता, पुढं हॅमर टेस्टमध्ये निघालाही चांगला, पण तो मुलगा दहा दिवस घाबरून होता. हे वाचून तुझे दहा दिवस वाचावेत.

मस्कतकर

ओळंबा यांचं सगळं मान्य, पण एका ठिकाणी मला वेगळं म्हणायचंय, आणि धागाकर्त्यानं स्वतः किल्लारीचं लिहिलंय म्हणून जास्तच म्हणायचंय.

मिस्त्रीकडून शिक, पण मिस्त्रीची सवय म्हणजे नियम असं धरू नको. त्याच्या हाताला जे वळण लागलंय ते तो चाळीस साईटवर तसंच करत आलाय आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पास केलंय. सगळ्यात साधं उदाहरण रिंगेचा हुक, म्हणजे तिचं वाकवलेलं टोक. फिटर ९० ला वाकवून मोकळा होतो, लवकर होतं आणि बसवायला सोपं जातं. भूकंपासाठीचा कोड आयएस १३९२० सांगतो १३५ अंश, आणि पुढं शेपटी बारच्या सहापट, पण ६५ एमएमपेक्षा कमी नाही. ८ च्या रिंगेला सहापट म्हणजे ४८ येतात, म्हणजे ६५ धरायचे. कारण समजून घे. भूकंपात कॉलम मागंपुढं हलतो तेव्हा बाहेरचं कव्हर आधी सुटतं. ९० चा हुक त्या कव्हरमध्येच अडकलेला असतो, कव्हर गेलं की तो उघडतो, रिंग उघडली की उभे बार बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट धरायला काही राहत नाही. १३५ चा हुक आतल्या गाभ्यात रुतलेला असतो.

मी डिप्लोमाला होतो तेव्हा २६ जानेवारी २००१ ला भूज झालं. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथं अनेक मजल्यांच्या आरसीसी इमारती पडल्या, आणि त्यात खाली नुसतं पार्किंग, वर भिंतींनी भरलेले मजले अशा बऱ्याच होत्या. वरचा भाग भिंतींमुळे ताठ, खालचा मजला मोकळा, सगळी हालचाल त्या पार्किंगच्या कॉलममध्ये. तुझी बिल्डिंग पार्किंग आणि वर ११ आहे. बी विंग पुढं गेली आहे पण दुसऱ्या विंगचं पार्किंग अजून चालू असेल तर उद्या सकाळी तिथल्या कॉलमच्या रिंगा बघ. हुक किती, आणि सगळे हुक एकाच कोपऱ्यात तर नाहीत ना. किल्लारीला घरं दगडमातीची होती, आरसीसीची गोष्ट वेगळी, पण तू ज्या कारणानं सिव्हिल घेतलंस ते तुझ्या साईटवर त्या पार्किंगच्या रिंगेत आहे.

कोड पाठ करायची गरज नाही. जे काम चालू आहे त्याचं एक पान रात्री वाच, दुसऱ्या दिवशी साईटवर शोध. सॉफ्टवेअर दोन वर्षांनी शिकलास तरी चालेल.

ओळंबा

मस्कतकर, बरोबर बोललात, मी ते लिहायला हवं होतं. माझ्या विजापूरच्या फिटरमामांनी मला जे शिकवलं त्यात ९० चा हुक पण होताच, आणि तो चुकीचा आहे हे मला सहा वर्षांनी कळलं. त्या सहा वर्षांतले कॉलम मी पास केलेले आहेत, ते आठवलं की आजही बरं वाटत नाही. बाळा, तू मिस्त्रीजवळ बस आणि ड्रॉईंग मांडीवर ठेवून बस.

बालाघाट२४

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दहा दिवस लिहिलं नाही कारण रोज सात वाजता साईटवर जात होतो आणि रात्री येऊन पडत होतो. काय काय झालं ते सांगतो.

पहिल्या दिवशी फिटर दादांकडे गेलो, चहा घेतला, सरळ सांगितलं की मला येत नाही, शिकवा. ते हसले नाहीत. म्हणाले, "साब, पहले दिन बोलना था." हुक दिला, बाल्कनीतच बसवलं. मग मी विचारलं की चौथ्या स्लॅबला वरचे बार एक सोडून एक का टाकले होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि ड्रॉईंगचा फोटो दाखवला. त्यात बाल्कनीला १० चे बार २५० वर होते. त्यांनी जे टाकलं ते त्या फोटोप्रमाणे बरोबरच होतं! फोटो रिव्हिजन एकचा, माझ्या हातात रिव्हिजन तीन. मध्ये बाल्कनी रुंद केली होती, बार वाढवले होते, ऑफिसला नवीन ड्रॉईंग आलं, फाईलला लागलं, आणि फिटरपर्यंत ते कोणी पोचवलंच नाही. ते पोचवायचं काम माझं होतं. ड्रॉईंग रजिस्टर माझ्याकडेच आहे, मी ते फाईल लावायचं काम समजत होतो.

आता तिन्ही विंगच्या फिटरकडे आणि सेंटरिंगवाल्याकडे जुने कागद काढून घेतले, फोटो डिलीट करायला लावले, नवीन ड्रॉईंग प्लॅस्टिकमध्ये घालून त्यावर मार्करनं रिव्हिजन आणि तारीख लिहून दिली, सही घेतली. सिनियर सरांनी बघितलं, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाकीच्या एजन्सीला पण तसंच करायला सांगितलं.

मस्कतकर सर, सी विंगचं पार्किंग चालू आहे. २४ कॉलम बघितले. ९ मध्ये हुक ९० चे होते. शटरिंग लागायचं होतं म्हणून सापडलं. दादांना कारण सांगितलं, कव्हर सुटतं ते खडूनं काढून दाखवलं, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की त्यांच्या गावाकडच्या घरात पण त्यांनी ९० चेच घातलेत. बदलायला दीड दिवस गेला, मी पण बरोबर वाकवत होतो, ६५ ची शेपटी प्रत्येकाची टेपनं मोजली.

स्लम्पकोन ताई, पाचव्या स्लॅबला तिसरी गाडी दोन तास वीस मिनिटांनी आली. टेक्निशियनला बोलावलं, त्यांनी डोस दिला तरी स्लम्प आला नाही. परत पाठवली. हात थरथरले.

ओळंबा काका, एक प्रश्न राहिलाय. सहाव्या मजल्याचा जिना गुरुवारी भरायचाय. तुमचं वाचून आज मुद्दाम गेलो. खालून येणारा १२ चा बार लँडिंगला आल्यावर आतल्या कोपऱ्यात वाकवून तसाच पुढं लँडिंगच्या तळातून नेलाय. ड्रॉईंगमध्ये दोन बार दिसतात पण रेषा इतक्या जवळ आहेत की दादा म्हणतात एकच आहे. खालचे पाचही जिने असेच भरले गेलेत का हे आता मला कळत नाही. गुरुवारच्या आधी काय करू?

ओळंबा

तसा भरू नको. दोन बार आहेत. फ्लाईटचा बार सरळ वर जाऊन लँडिंगच्या वरच्या बाजूला पोचतो आणि तिथून आडवा होतो, लँडिंगचा खालचा बार सरळ येऊन फ्लाईटच्या वरच्या बाजूला जातो. कोपऱ्यात दोघांची फुली पडलेली दिसली पाहिजे. दोन्हीकडे पुढं किती न्यायचं ते त्याच ड्रॉईंगच्या जनरल नोट्समध्ये असेल, बहुतेक ५० डी, म्हणजे १२ च्या बारला ६००. आज रात्रीच मोठ्या आकारात हातानं काढून दादांना दे.

खालच्या पाच जिन्यांचं स्वतः ठरवू नको आणि दाबूनही ठेवू नको. उद्या सकाळी सिनियरना सांग, कास्टिंगच्या वेळचे फोटो असतील ते गोळा कर, आणि कन्सल्टंटच्या त्याच सरांना ईमेल जाऊ दे, फोटोसकट. ते उत्तर देईपर्यंत जिन्याखालचे टेकू अजून असतील तर एकही काढू देऊ नको. काय म्हणाले ते इथं लिही.